थेंबाची वाट

मोटरसायकलचं जॅकेट निवडताना हात आपोआप कापडावर जातो. ते अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचं, जाडी अजमावायची, 'वॉटरप्रूफ' लिहिलेली चिठ्ठी वाचायची आणि आरशासमोर जरा तिरकं उभं राहून बघायचं. पावसाला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. त्याचं लक्ष कॉलरच्या फटीवर असतं, बाहीच्या तोंडावर असतं, चेनच्या वरच्या टोकावर असतं आणि दोन मांड्यांच्या मध्ये जिथे चार शिवणी एकत्र येतात त्या नेमक्या ठिकाणी असतं.

कापडाची पाणी अडवायची ताकद मिलिमीटरमध्ये सांगतात. कापड ताणून त्यावर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि किती उंचीला पाणी पलीकडे झिरपू लागतं ते बघायचं. चिठ्ठीवरचे १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाणी. आता वाऱ्याचा हिशोब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने छातीवर आदळणाऱ्या हवेचा दाब याच मापात मोजला तर जेमतेम ३० मिलिमीटर भरतो. दहा मीटर सोसणाऱ्या कापडाला तीन सेंटिमीटरची काय तमा? पण तेवढाच दाब अर्धवट लावलेल्या चेनमधून पाणी आत ढकलायला भरपूर होतो. जॅकेट गळलं की शिव्या कापडाला बसतात, आणि बहुतेक वेळा ते बिचारं निर्दोष असतं.

शिवाय गाडीवर पाऊस वरून पडतच नाही. मोठा थेंब सेकंदाला साधारण नऊ मीटरने खाली येतो, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. आपण ८०ने जात असलो तर तो समोरून, जवळजवळ आडवा येऊन लागतो. पायी चालणाऱ्याचा रेनकोट गाडीवर हार मानतो तो यामुळे. त्याची सगळी तयारी खांद्यांवर आणि टोपीवर असते, आणि मारा होतो गळ्यावर, छातीवरच्या चेनवर आणि मांडीवर. म्हणून चेनवर एक झाकणपट्टी असून भागत नाही, दोन हव्यात, आणि आतल्या पट्टीला दुमड हवी. बाहेरच्या पट्टीतून शिरलेलं पाणी त्या दुमडीच्या पन्हाळीतून खाली वाहून जातं. दुकानात पट्टी उचलून हे बघायला दहा सेकंद लागतात. आरशाला त्याहून जास्त वेळ दिलेला असतो.

मांडीचा मामला वेगळा. बसल्यावर पोटाखाली एक वाटी तयार होते. टाकीवरून ओघळलेलं आणि छातीवरून उतरलेलं पाणी तिथे साचतं. वर आपलं वजन आणि खाली सीट. या दाबापुढे वाऱ्याचा दाब किरकोळ आहे, आणि खड्ड्यागणिक तो भाग दाबला जातो, सुटतो, पुन्हा दाबला जातो. कापडाच्या त्या हजारो मिलिमीटरची खरी परीक्षा इथे होते. शिवणीवर आतून चिकटवलेली टेपही सर्वांत आधी इथेच सुटते. पँट घेताना ती उलटी करून हा भाग बघावा. टेपची कड नखाने उचलली जात असेल तर ती पँट परत ठेवून द्यावी. ज्या पँटमध्ये हा चौक टाळून सीटच्या जागी एकसंध तुकडा लावलेला असतो, ती दिसायला कशीही असो, घ्यावी.

मेम्ब्रेनबद्दल थोडं. पाणी अडवून वाफ सोडणारं पातळ पटल म्हणजे मेम्ब्रेन. त्यातलं सर्वांत गाजलेलं गोर-टेक्स, ते ताणलेल्या पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकचं बनतं, आणि ते ताणायचं तंत्र बॉब गोर यांच्या हाती १९६९मध्ये लागलं. पण कोणतं मेम्ब्रेन आहे यापेक्षा ते कुठे बसवलंय हे विचारायला हवं. ते बाहेरच्या कापडालाच चिकटवलेलं असेल तर पाणी पृष्ठभागावरून घसरून जातं. ते आत अस्तरासारखं सुटं लोंबत असेल तर बाहेरचं कापड आधी मनसोक्त पाणी पितं. आपण कोरडे राहतो हे खरं, पण अंगावर ओलं घोंगडं घेऊन. ते जड होतं आणि सुकताना आपली ऊब घेऊन सुकतं. भिजलेल्या कापडातून घामाची वाफही नीट बाहेर पडत नाही. ती आतच पाणी होऊन बसते आणि आपण म्हणतो, जॅकेट गळलं. ओळखायची खूण सोपी: बाहीचं कापड चिमटीत धरून बाहेरचा आणि आतला थर एकमेकांवर सरकवून पाहा. बाहेरच्या कापडाच्या उलट्या बाजूलाच टेप मारलेली दिसली तर चिकटवलेलं, आणि बाहेरचं कापड मोकळं सरकून आत कुठेतरी प्लॅस्टिकसारखं काही कुरकुरलं तर सुटं. सुट्या अस्तराच्या जॅकेटचे बाहेरचे खिसे मेम्ब्रेनच्या बाहेर असतात, म्हणजे पावसात त्यांच्या वाट्या होतात. फोन तिथे ठेवू नये.

आणि ते आतून चेनने जोडायचं रेन-लायनर! पाऊस आला की रस्त्याच्या कडेला थांबायचं, जॅकेट काढायचं, पावसात उभं राहून चेन लावायची, बाह्यांची बटणं शोधायची आणि मग कोरडं राहण्यासाठी ते भिजलेलं जॅकेट परत चढवायचं. ही कल्पना ज्याला सुचली त्याने ती बहुधा छताखाली बसून काढली असावी. त्यापेक्षा साध्या जॅकेटवर घालायचा सुटा रेनसूट पुष्कळ बरा. बाहेरून घालतो, त्यामुळे आतलं सगळं कोरडं आणि म्हणून उबदार राहतं. फाटला तर तेवढाच बदलता येतो. मात्र रेनसूटला घसरून पडल्यावर वाचवण्याची ताकद जवळजवळ नसते. ते काम आतल्या जॅकेटचं. म्हणून 'आज रेनसूट आहे, जॅकेट कशाला' हा हिशोब चुकीचा.

रेनसूट घ्यायचा तो पूर्ण जामानिमा अंगावर असताना, आणि गाडीवर बसून. उभ्याने बरोबर वाटणारी पँट गुडघे वाकले की वीतभर वर सरकते, हात पुढे केले की बाही मनगट उघडं टाकून मागे जाते. एकसंध सूटला कंबरेची फट नसते, पण तो चढवणं म्हणजे कसरत. दोन भागांचा घ्यायचा तर पँट छातीपर्यंत येणारी, खांद्याला पट्टे असलेली पाहावी. बुटावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय पँटमधून अडकल्याशिवाय सरकतो. दंडावर आणि पोटरीवर आवळायला वेल्क्रोचे पट्टे हवेत; फडफडणारं कापड ऊब उपसून टाकतं आणि शिवणी उसवतं. सायलेन्सरच्या बाजूच्या पोटरीला उष्णता सोसणारा तुकडा नसेल तर पहिल्या सिग्नललाच नायलॉन वितळून सायलेन्सरला चिकटलेलं सापडेल. आणि घालायचा तो ढग दिसल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही, कारण भिजल्यावर घातलेला रेनसूट ओल आत कोंडून ठेवण्याचं काम चोख करतो.

आता मनगट. ग्लोव्ह बाहीच्या आत की बाहेर, यावर रायडर मंडळी तासन्‌तास भांडू शकतात. कौलारू छप्पर डोळ्यांसमोर आणलं की भांडण मिटतं. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, उलट कधीच नाही. हँडल खाली असेल आणि पाणी कोपराकडून पंजाकडे ओघळत असेल, तर बाही वर आणि ग्लोव्ह आत. नाहीतर ग्लोव्हचं रुंद तोंड नरसाळं होतं आणि बोटं पाण्यात पोहतात. हँडल उंच असेल, पंजे कोपरांच्या वर असतील, तर उलट: ग्लोव्ह बाहीच्या वरून. मधल्या हँडलला मात्र गंमत असते. चालत्या गाडीवर वारा पाणी कोपराकडे ढकलतो, थांबल्यावर तेच पाणी पंजाकडे परत येतं. अशा वेळी दुहेरी मनगटाचा ग्लोव्ह उपयोगी, एक अरुंद पट्टा बाहीच्या आत आणि एक रुंद झालर बाहेर. पँट बुटाच्या वर आणि जॅकेट पँटच्या वर घालायचं तेही याच न्यायाने.

कौलं कितीही नीट बसवली तरी एक घरभेदी उरतोच. आतल्या शर्टाची बाही अर्ध्या सेंटिमीटरने बाहेर डोकावली की ती समईची वात होते. तेल जसं वातीतून चढतं तसं पाणी सुती धाग्यातून चढत कोपरापर्यंत जातं, आणि रायडर निष्पाप जॅकेटची तक्रार करत बसतो. गळ्याभोवतीच्या कापडी बफचंही तेच. हेल्मेटच्या खालच्या कडेवरून गळणारं पाणी तो टिपतो आणि छातीपर्यंत पोचवतो. पावसात बफ पूर्ण कॉलरच्या आत हवा, किंवा बाहेरून पाणी न पिणाऱ्या कापडाचा.

ग्लोव्हची आणखी एक खोड. ओला हात घाईने ओढला की बोटांचं अस्तर उलटून बाहेर येतं, आणि ते पुन्हा मूळ जागी बसवणं हे चिकाटीच्या माणसांचं काम आहे. एकेक बोटाचं टोक चिमटीत धरून हळूहळू सैल करावं. घेताना बोटांच्या टोकाशी थोडी पोकळी राहते ना ते बघावं. टोक चेपलं की तिथली हवा जाते, आणि ऊब धरते ती हवाच. जाड ग्लोव्ह घालून क्लच दाबून पाहावा, इंडिकेटरचं बटण अंगठ्याला सापडतं का तेही. एका महागड्या जोडीपेक्षा साधारण दोन जोड्या जास्त कामाच्या. एक हातात, दुसरी पिशवीत कोरडी.

थंडीचं गणित पावसाहून थोडं निराळं. हवा १० अंशांवर असताना ताशी ८०च्या वाऱ्यात उघड्या कातडीला ती चारेक अंशांसारखी लागते. म्हणून सर्वांत बाहेर वारा अडवणारा थर हवा; त्याशिवाय आत घातलेला गुबगुबीत फ्लीस, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचा थर, हे उघड्या खिडकीतलं पांघरूण. अंगालगत सुती बनियन नको. ते घाम पिऊन बसतं, आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. तिथे मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर हवं. मधल्या थराला पिसं भरलेलं जॅकेट कोरड्या थंडीत उत्तम, भिजलं की गोळा; फ्लीस ओला झाला तरी थोडीफार लाज राखतो.

बोटं गारठली की आपण ग्लोव्हला दोष देतो. पण धड थंड पडू लागलं की शरीर हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं. अशा वेळी छातीवर चढवलेला आणखी एक थर बोटांना नव्या ग्लोव्हपेक्षा जास्त ऊब देऊ शकतो. हीटेड ग्रिप्स, म्हणजे हँडलच्या विजेवर तापणाऱ्या मुठी, तळव्याला शेकतात, वारा मात्र पंजाच्या पाठीवर बसतो. म्हणून सोबत हँडगार्ड हवेत, आणि ग्लोव्हचा तळवा पातळ हवा, नाहीतर ग्रिपची ऊब बाहेरच राहते. बारा व्होल्टचे हीटेड ग्लोव्ह जोडीला वीस-पंचवीस वॅट घेतात, हीटेड जॅकेट त्याच्या तिपटीने. गाडीच्या चार्जिंगमध्ये तेवढी शिल्लक आहे का ते आधी बघावं. जोडणी फ्यूज लावून आणि इग्निशनवर चालणाऱ्या रिलेतून, म्हणजे चावी फिरवली तरच वीज सोडणाऱ्या खटक्यातून करावी. थेट बॅटरीला जोडून बंद करायला विसरलं की सकाळी किक नसलेली गाडी ढकलताना मात्र सगळ्या अंगाला ऊब येते.

कडक थंडीत जॅकेटमधले कोपर-खांद्याचे मऊ आर्मर, म्हणजे पडल्यावर धक्का झेलणारे तुकडे, दगडासारखे लागले तर घाबरू नये; त्यातले काही प्रकार थंडीत ताठरतात आणि अंगाच्या उबेने पुन्हा सैल पडतात.

हेल्मेटच्या काचेवरचं धुकं हे पाऊस आणि थंडी यांचं संयुक्त अपत्य. बाहेरची थंडी काच गार करते, आतला श्वास तिच्यावर जमतो. पिनलॉक म्हणजे काचेच्या आत बसणारी दुसरी काच. दोहोंमध्ये सिलिकॉनची कड हवेचा एक बंद कप्पा करते. धुकं दोन काचांच्या मध्येच दिसलं तर ती कड कुठेतरी टेकलेली नाही. आतली काच धरणाऱ्या पिना बहुधा मध्यापासून थोड्या एका बाजूला सरकलेल्या असतात. त्या जराशा फिरवल्या की ताण वाढतो आणि कड टेकते. स्वच्छ करायला कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे, काचेचे स्प्रे नकोत. काचेच्या वरच्या कडेतून थेंब आत उतरत असतील तर तिथलं रबर कडक झालेलं असतं. त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवावा. गडद काच पावसात घरी ठेवावी.

सगळं जमवलं की परीक्षा घरीच घ्यावी. आत फिकट करड्या रंगाचे सुती कपडे घालायचे, त्यावर पूर्ण जामानिमा चढवायचा आणि शॉवरखाली स्टुलावर हँडल धरल्यासारखे हात पुढे करून दहा मिनिटं बसायचं. घरातल्यांना आधी कल्पना दिलेली बरी. उतरल्यावर करड्या कापडावर ओलीचे गडद डाग दिसतील, आणि पाणी कुठून शिरलं ते डागाच्या वरच्या टोकाशी कळेल.

पूर्वी मण्यांसारखे घरंगळणारे थेंब आता जॅकेटच्या कापडावर पसरत असतील तर वरचा जलरोधी लेप थकलाय. आर्मर काढून, चेन बंद करून, सौम्य द्रव साबणाने धुवावं, भरपूर खळबळावं आणि मऊपणा आणणारं कंडिशनर कटाक्षाने टाळावं. चिठ्ठी परवानगी देत असेल तर मंद उष्णतेत सुकवावं. उबेने लेप बऱ्याचदा पुन्हा जागा होतो. नाही झाला तर नव्या लेपाचा स्प्रे मारावा. रेनसूट ओला घडी घालून ठेवला की आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन सोलून निघतो, म्हणून तो उलटा करून टांगावा.

बुटाचं गळणं वरून असतं. पँट आखूड पडली की पाणी पोटरीवरून आत उतरतं, आणि वॉटरप्रूफ बूट ते बादलीइतक्याच निष्ठेने सांभाळतो. ताण पडेल इतके जाड मोजे घातले तर रक्त अडून पाय उलट जास्त गारठतात. भिजलेला बूट हीटरसमोर ठेवू नये, चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. आतला पातावा काढून वर्तमानपत्राचे सैल बोळे टोकापर्यंत कोंबावेत, तासाभराने बदलावेत, रात्री पुन्हा एकदा. बोळा बोटांच्या टोकाकडून ओला निघतोय तोवर बूट सुकलेला नसतो, वरून कितीही कोरडा लागला तरी.