नाव तर आलं होतं, मॅडम

मी बँकेच्या शाखेत आउटवर्ड रेमिटन्सच्या टेबलला बसते, म्हणजे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवायचे आरटीजीएस-एनईएफटीचे फॉर्म माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात एका सोसायटीची केस झाली. कागदोपत्री ती मिटल्यासारखी आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि त्यात जे मला टोचतंय ते फसवणाऱ्यापेक्षा आम्हा बँकवाल्यांबद्दलचं जास्त आहे.

आधी एक गोष्ट सांगते जी बँकेबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. फॉर्मवर तुम्ही लाभार्थीचं नाव इतकं जपून लिहिता ना, त्या नावावर पैसे कधीच जात नव्हते. पैसे जातात खाते क्रमांक आणि आयएफएससीवर, म्हणजे शाखेच्या कोडवर. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच परिपत्रक काढून सांगितलं होतं की इलेक्ट्रॉनिक पेमेंट फक्त खाते क्रमांक बघून जमा करता येईल आणि तो क्रमांक बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. म्हणजे नावात काहीही लिहा, नंबर चालू खात्याचा असला की रक्कम जमा. एक आकडा चुकला आणि तो नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला तरी जमा, मग बसा मागे लागत. खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतात आणि कॉपी-पेस्ट बंद ठेवतात ते याचसाठी. आयएमपीएस आणि यूपीआयला आधी नाव बघायची सोय बरीच वर्षं होती, पण दोन लाखांच्या वरची मोठी रक्कम जिथून जाते त्या आरटीजीएसलाच नव्हती, हे मला कायम उलटं वाटायचं. शेवटी ३० डिसेंबर २०२४ ला परिपत्रक आलं, एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, यंत्रणा उभी केली आणि १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना ती चालू करायला सांगितलं. आता नंबर आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेच्या सीबीएसमधून, म्हणजे खात्यांच्या मुख्य संगणक प्रणालीतून, खातेदाराचं नाव येतं, नेटबँकिंगवरही आणि शाखेतही, आणि त्याला चार्ज नाही. मला खरंच आनंद झाला होता, कारण चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत आणण्यासाठी लोकांना किती पत्रं लिहावी लागतात ते मी जवळून बघितलंय.

तर त्या दिवशी दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी काका आले. जुन्या लिफ्टचं काम काढलंय, कंपनी एमआयडीसीतली, प्रायव्हेट लिमिटेड. दुसरा हप्ता ६,४०,००० रुपये. चेकवर त्यांची आणि खजिनदारांची सही, फॉर्म सुवाच्य अक्षरात भरलेला, सोबत बिल आणि एका मेलची प्रिंट. मेलमध्ये होतं की ऑडिट चालू असल्यामुळे आमचं नेहमीचं खातं सध्या वापरू नये, रक्कम खालील खात्यात भरावी.

मी नंबर टाकला, लुकअप मारला, नाव आलं. कंपनीचंच नाव, स्पेलिंगही तेच. काका काउंटरवरून वाकून बघत होते, म्हणाले, "बरोबर आहे की मॅडम, टाका."

फक्त शेवटचं प्रायव्हेट लिमिटेड नव्हतं.

इथे थोडं सविस्तर लिहिते कारण या कामात डोळा तयार होतो तो असाच होतो. कंपनीचं खातं उघडताना नाव सर्टिफिकेट ऑफ इनकॉर्पोरेशनवर असेल तेच घ्यायचं असतं, आणि प्रायव्हेट लिमिटेड हे शब्द त्या नावाचाच भाग असतात. कुणी प्रा. लि. असं आखडून टाकेल, पण काहीतरी असतंच. ते अजिबात नसेल तर बहुतेक वेळा ते प्रोप्रायटरचं खातं असतं, म्हणजे एका माणसाचं, दुकानाच्या नावाने उघडलेलं. आणि दुकानाचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, तर स्वतःच ऑनलाइन माहिती भरून मिळते. ती आणि व्यवसायाचा अजून एखादा पुरावा जोडला की त्या नावाने चालू खातं निघतं. मग मी बिलावरचा जीएसटी नंबर बघितला. पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा कंपनीचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा आहे, व्यक्तीचा असेल तर पी, कंपनीचा असेल तर सी. बिलावर सी होतं. म्हणजे बिल कंपनीचं आणि खातं बहुधा कुण्या एका माणसाचं. वर आयएफएससी काढून बघितला तर शाखा दुसऱ्याच राज्यातली. एमआयडीसीतली कंपनी तिकडे खातं कशाला काढेल?

काकांना म्हटलं, "काका, मेलमधला नंबर नको, आधीच्या करारावरचा कुणाचा फोन आहे का तुमच्याकडे?" साइट इंजिनियरचा होता. माझ्या टेबलवरूनच लावला. पलीकडून उत्तर आलं की आमचं खातं बदललेलंच नाही, कुणी सांगितलं तुम्हाला?

चेक मी परत काकांच्या हातात दिला. मला वाटलं सुटलो. काका खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "मॅडम, याच खात्यावर गेल्या आठवड्यात खजिनदारांनी नेटबँकिंगने पाठवलेत. एक लाख पंच्याऐंशी हजार. लिफ्टच्या केबिनचा ॲडव्हान्स."

पुढचा तासभर काय केलं ते थोडक्यात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली, आमच्या फ्रॉड सेलला मेल, समोरच्या बँकेला मेल. त्या खात्यात जे शिल्लक होतं त्यावर होल्ड लागला, पण शिल्लक होतेच किती, वीसेक हजार. बाकी सगळे त्याच संध्याकाळी पुढे तीन-चार खात्यांत गेले होते. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला बॅच, त्यामुळे आता रात्र मध्ये आहे, सकाळपर्यंत पैसे थांबतील असं काही राहिलेलं नाही. हे लोकांना कितीही सांगा, चार दिवसांनी तक्रार घेऊन येतात आणि विचारतात की ट्रान्झॅक्शन रिव्हर्स करा ना.

मग खजिनदार आले. मी मनात तयारी केली होती की आता हे म्हणणार, नाव बघायचं राहिलं, घाईत होतो. तसं काहीच नाही. निवृत्त हिशेबनीस आहेत, प्रत्येक व्हाउचरवर टिक करणारा माणूस. ते म्हणाले, "नाव आलं होतं मॅडम. मी वाचलं. प्रायव्हेट लिमिटेड नाही हेही बघितलं. पण तुमच्याच बँकेत आमच्या सोसायटीचं नाव तरी कुठे पूर्ण येतं? मला वाटलं, तसंच त्यांचंही कापलं गेलं असेल."

मी तिथल्या तिथे सोसायटीचं खातं उघडून बघितलं. नोंदणी प्रमाणपत्रावर सहकारी गृहरचना संस्था मर्यादित असं पूर्ण नाव आणि आमच्या सीबीएसमध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये अर्धं नाव, पुढे को ऑप हौ, आणि तिथेच संपलेलं. सोसायटीला कुणी पैसे पाठवायला गेलं की लुकअपला हेच दिसतं. सभासद मेंटेनन्स भरताना खजिनदारांना फोन करून विचारतात की नाव अर्धवट येतंय, पाठवू का, आणि ते सांगतात, हो, पाठवा, बँकेचं असंच आहे.

यावर मला काही बोलता आलं नाही.

कारण हे एकट्या त्यांचं नाही. माझ्या टेबलवर रोज हेच चालतं. सुनेला पैसे पाठवायचे तर नाव येतं माहेरचं, कारण खातं लग्नाआधीचं. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा क्रम, पण कुठे आडनाव आधी, कुठे मधलं नाव गायब, कुठे नुसती इनिशियल्स, कारण लेजरच्या काळातलं खातं संगणकावर चढवताना जसं होतं तसं चढवलं. कुठे नावाच्या रकान्यातच श्री टाकलेलं. विठ्ठलचं स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरं, आमच्याकडे तिसरं. बँका एकत्र झाल्या तेव्हा दोन्हीकडचा गोंधळ एकत्र झाला. आणि नवीन खात्यांचं म्हणाल तर महिनाअखेरीला टार्गेटच्या घाईत जी खाती उघडतात त्यातली नावं बघा एकदा. मेकर म्हणजे एक कर्मचारी माहिती टाकतो, चेकर म्हणजे दुसरा ती तपासून ऑथराइज करतो, दोघांनीही केवायसीचा कागद समोर धरून नाव अक्षर न अक्षर वाचलं असं फार कमी वेळा होतं. कामाचा ताण असतो हे मान्य, मीही त्याच शाखेत आहे, पण हे चुकीचंच आहे. त्यात आता ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपनेही सीबीएसमधलंच नाव दाखवायचं असा नियम आलाय, फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव चालणार नाही. नियम अगदी योग्य आहे. पण त्यामुळे आमच्याकडचं हे खराब नाव आता घरोघरी दिसणार.

आणि ग्राहक विचारतो, मॅडम नाव वेगळं येतंय, चालेल ना? खातं खरंच सुनेचं असतं, मग चालेलच म्हणावं लागतं. असं शंभर वेळा झालं की एकशेएकाव्या वेळी माणूस विचारायचंच सोडून देतो. खजिनदारांना नावात फरक दिसला आणि त्यांनी तो सोडून दिला, हे त्यांना आम्हीच शिकवलंय.

ब्रिटनमध्ये २०२० पासून जी पद्धत मोठ्या बँकांनी सुरू केली त्यात पाठवणाऱ्याने नाव आधी स्वतः टाकायचं असतं, आणि खातं व्यक्तीचं आहे की व्यवसायाचं तेही सांगायचं असतं. मग बँक उत्तर देते की जुळतंय, जवळपास जुळतंय, किंवा जुळत नाही. तुलना यंत्रणा करते. आपल्याकडे नाव समोर ठेवतात आणि तुलना तुम्ही करायची. समोरच्याचं नाव जसंच्या तसं दिसणं हे आपलं बळ आहे असं मला वाटतं, तरबेज डोळ्याला त्यातून बरंच कळतं, पण तो डोळा सोसायटीच्या खजिनदाराकडून का अपेक्षावा? प्रत्येक खात्याला सीबीएसमध्ये कॉन्स्टिट्यूशन कोड असतो, व्यक्ती, प्रोप्रायटर, भागीदारी, कंपनी, सोसायटी. नावाखाली तेवढी एक ओळ दाखवली असती तर? समोर प्रोप्रायटर असं आलं असतं आणि एवढा काटेकोर माणूस तिथे नक्की थांबला असता. मी हे लिहून रिजनल ऑफिसला पाठवलंय. पुढे पाठवलं असं उत्तर आलंय.

सोसायटीचं नाव मी प्रमाणपत्राची प्रत घेऊन बसेल तेवढं दुरुस्त करून घेतलं. पण आता विषय वेगळाच झालाय. कमिटीतले काही जण म्हणतायत की खजिनदारांनी नाव बघूनही पाठवले, तर एक लाख पंच्याऐंशी हजार त्यांनी स्वतःच्या खिशातून भरावेत. जी माणसं कधी एक व्हाउचर तपासायला आली नाहीत तीच हे म्हणतायत. खजिनदारांनी बँकेकडे एक पत्र मागितलंय, एवढंच लिहून द्या की सोसायटीचं स्वतःचं नाव तुमच्या सिस्टिममध्ये इतकी वर्षं अपुरं होतं. आमचे मॅनेजर म्हणतात असं लेखी दिलं तर उद्या ते आपल्याच विरोधात वापरतील, लीगलला विचारू. मला वाटतं द्यायला हवं, ते खरं आहे आणि दुरुस्तीची नोंद सिस्टिममध्ये तारखेसकट आहे. पत्र मी टाइप करून मॅनेजरांना दिलंय. सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे आणि लीगलचं उत्तर अजून आलेलं नाही.