ओबीएमच्या गिअर ऑइलात पाणी: सील बदलण्याआधी तेल नीट बघा

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते आणि वर्सोव्यापासून कफ परेडपर्यंत छोट्या होड्या वर ओढून शाकारल्या जातात. ओबीएमचं, म्हणजे होडीच्या मागे लावलेल्या मशीनचं, गिअर ऑइल मात्र पुष्कळदा नारळी पौर्णिमा तोंडावर आल्यावर बदललं जातं. हे उलटं आहे. तेलात खारं पाणी शिरलेलं असेल तर ते दोन महिने बेअरिंगांवर बसून राहतं, गंज धरतो, आणि मग ऑगस्टमध्ये कितीही चांगलं तेल भरा, गिअर घरघरतातच. तेल जूनच्या पहिल्या आठवड्यातच काढा.

काढताना घाई नको. मशीन रात्रभर सरळ उभं ठेवा, म्हणजे मोकळं पाणी तळाला बसेल. सकाळी खालचा ड्रेन स्क्रू थोडाच सैल करा आणि पहिले थेंब काचेच्या ग्लासात धरा. आधी पाणी आणि मागून तेल आलं, तर गळती आहेच. मग वरचा व्हेंट स्क्रू काढून सगळं तेल उतरवा. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी घुसळलं गेलंय. काळं तेल आणि जळका वास म्हणजे तेल कमी पडून किंवा जुनं होऊन गिअर तापलेत. ड्रेन स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, मऊ लेप नेहमीच्या झिजेचा असतो. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर मात्र गिअर किंवा बेअरिंग तुटतंय, तिथे सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) बदलून भागणार नाही.

पंख्याभोवती (प्रोपेलरभोवती) तेलकट काळं दिसलं की लगेच सीलवर आळ येतो. ज्या टू-स्ट्रोक मशीनचा धूर पंख्याच्या मधून बाहेर पडतो, तिथे न जळलेलं टूटी ऑइलही (पेट्रोलात मिसळायचं तेल) त्याच वाटेने येतं. ते पातळ, काजळीचं असतं आणि त्याला धुराचा वास येतो. गिअर ऑइल जाड, चिकट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. बोटावर घेऊन वास घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

तेल बाहेर दिसत नाही म्हणून पाणी आत जात नाही, असंही समजू नका. चालताना लोअर युनिट (गिअर आणि पंख्याचा खालचा भाग) तापतं, आतली हवा फुगते. मशीन बंद करून पाण्यातच ठेवलं की ती आकसते आणि जिथे फट असेल तिथून पाणी ओढून घेते.

पाणी येण्याच्या जागा मोजक्याच. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे दोन्ही स्क्रूंचे वायसर. ते प्रत्येक वेळी नवेच टाका. त्यानंतर आपल्याकडचा मोठा शत्रू, तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. आधी स्पार्क प्लगच्या टोप्या काढा, मग कॉटर पिन आणि नट काढून पंखा उतरवा. थ्रस्ट वायसरच्या मागे शाफ्टवर तंगूस किंवा जाळ्याचा दोरा गुंडाळलेला असेल तर तो वितळून, घासून ऑइल सीलची ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) कापतो. खाडीत आणि डोलीच्या (खुंटांना बांधलेल्या जाळ्याच्या) खुंटांजवळ फिरणाऱ्या मशीनचा पंखा महिन्यातून एकदा उतरवून बघायलाच हवा. उरलेल्या जागा: पंख्याच्या शाफ्टच्या बेअरिंग हाउसिंगची ओ-रिंग, वॉटर पंपाखालचे ड्राइव्ह शाफ्टचे सील, शिफ्ट रॉडचं सील, आणि खडकावर आपटून गेलेला तडा.

अंदाजाने सील बदलत बसण्यापेक्षा हवेची टेस्ट करा. तेल काढल्यावर व्हेंटच्या भोकात गेज आणि हातपंप जोडा, ड्रेन बंद ठेवा. आधी ३ पीएसआयच भरा, कारण जास्त दाबात झिजलेली ओठ शाफ्टला दाबून बसते आणि गळती लपते. मग हळूहळू १० ते १२ पर्यंत न्या. मॅन्युअलातली मर्यादा ओलांडलीत तर चांगलं सीलही उखडतं. दाब असतानाच साबणाचं पाणी लावा, शाफ्ट हाताने फिरवा, गिअर टाकून बघा. ड्राइव्ह शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवायचा, उलटा फिरवला तर इम्पेलरची (वॉटर पंपातल्या रबरी चक्राची) पाती मुडपतात.

सील काढण्याआधी ओठांच्या दिशेचा फोटो घ्या. शाफ्टवर नख अडकेल अशी खाच पडली असेल तर नवं सील तिथे टिकणार नाही. शाफ्ट बदला, किंवा जागा असेल तर सील थोडं पुढेमागे बसवा. युनिट उतरलंच आहे तर इम्पेलरही बदलून घ्या. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो.

तेल भरायचं ते खालून वर. वरून ओतलं तर हवा अडकते आणि युनिट अर्धवट भरतं. १५ एचपीला साधारण पाव लिटर, ४० एचपीला अर्ध्या लिटरला थोडं कमी लागतं. नेमका आकडा आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. व्हेंटमधून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मगच खालची नळी काढून ड्रेन स्क्रू लावा. काढलेलं तेल कॅनमध्ये साठवून भंगारवाल्याकडे नव्हे, वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे द्या. खाडीत तर अजिबात नको.

बंदी उठल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की पुन्हा एकदा सकाळी ड्रेन स्क्रू सैल करून थेंबभर तेल बघा. स्वच्छ असेल तर पुढचा बदल १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी.