घड्याळ लावून रस्ता ओलांडणारी बाई

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "बाई, चौकात उभ्या राहून सारखं घड्याळात काय बघता?" भाजीवाली विचारते, सोसायटीतल्या बायका विचारतात. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण परवा बुलेट थांबवून म्हणाला, "काय बाई, ट्रॅफिकमध्ये भरती झालात काय?" नाही बाबा. ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय तक्रार करायची नाही एवढीच खोड लागली आहे.

सुरुवात सासूबाईंपासून झाली. सिद्धेश्वरावर त्यांचा जीव. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून त्यांनी सोमवार चुकवलेला मला आठवत नाही. घरातून निघायच्या, चौक ओलांडायच्या, पलीकडून शेअर रिक्षा धरायच्या. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी मी त्यांचं लुगडं काढून ठेवलं, तर कानडीत म्हणाल्या, "बेड गं, नको." मला वाटलं गुडघे धरले असतील. गुडघे तेच होते. चौक ओलांडायची भीती बसली होती, आणि ती सांगायची त्यांना लाज वाटत होती.

मग मी घड्याळ घेतलं. आमच्या चौकात रस्त्याची रुंदी माझ्या पावलांनी १८ मीटर भरते. रस्ते आखणारे माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात, म्हणजे हिशेबाने १५ सेकंद. सासूबाईंना घराच्या गल्लीत तेवढंच अंतर चालायला लावलं, काठीसकट. ३१ सेकंद लागले. आता चौकात गाड्या थांबल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत पायी माणसाला मिळतात जेमतेम १७. बाकीचे १४ सेकंद म्हातारीने कुठून आणायचे?

त्यात आणखी एक भानगड आहे, ती चौकात अर्धा तास उभं राहिल्याशिवाय कळत नाही. लेफ्ट फ्री. सिग्नल लाल असो की हिरवा, डावीकडे वळणारी गाडी कुणासाठी थांबत नाही. शिवाय कोपरा इतका गोल आणि ऐसपैस काढलेला की वळताना ब्रेकला पाय लावायची गरजच पडू नये. म्हणजे सरळ जाणाऱ्या गाड्या थांबल्या तरी रस्ता कधीच पूर्ण थांबत नाही. कोपरा थोडा काटकोनात आणला, फुटपाथ तिथे पुढे ओढला, की वळणाऱ्याला वेग उतरवावाच लागतो आणि ओलांडायचं अंतरही दोन-तीन मीटरनी घटतं. मध्ये डिव्हायडरला थांबण्यापुरती सपाट जागा ठेवली तर १८ मीटरचे दोन नऊ-नऊ होतात. भागाकार आहे हो, चौथीचा.

डिव्हायडरचंच सांगते. कुंभारी गावाकडून वळलेल्या विड्या जमा करायला येणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील, काखेत पिशवी, हातात लेकरू. आमच्या चौकात त्या डिव्हायडर चढताना आधी पिशवी वर ठेवतात, मग लेकरू, मग स्वतः साडी सावरून चढतात. पट्टी लावली, १४ इंच भरलं. फुटपाथ १२ इंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात फुटपाथची उंची फार तर १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर. आमच्याकडे फुटपाथ उंचीला दुप्पट आणि रुंदीला अर्धा. जो आहे त्यावर विजेची डीपी, रसवंतीगृह आणि पार्किंग. मग माणूस खाली उतरून रस्त्यानेच चालणार.

हे घेऊन मी एका कार्यालयात गेले. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, उड्डाणपूल झाला की सगळं सुटेल." गाड्या सुटतील. खालचा चौक तिथेच राहील, आणि तो ओलांडणारी माणसंही. "तुमच्या चौकात एवढ्यात कुणी गेलंय का?" असंही विचारलं त्यांनी. नाही. २०२२ साली देशभरात ३२,८२५ पायी चालणारी माणसं रस्त्यावर मेली. सासूबाई त्या आकड्यात नाहीत. त्या घरात बसल्या आहेत. भिऊन घरात बसलेल्यांची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते, हे मी साहेबांना विचारलं, तेवढ्यात त्यांना फोन आला.

बाहेर काय चाललंय तेही वाचते मी, वेळ भरपूर आहे. हेलसिंकी, फिनलंडची राजधानी, आपल्यापेक्षा थोडं लहान शहर. तिथे जुलै २०२४ पासून पूर्ण वर्षभर रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. तिथली माणसं जन्मजात शहाणी होती असं नाही. १९८०च्या दशकात तिथेही वर्षाला तीसेक जीव जात. निम्म्याहून जास्त रस्त्यांवर त्यांनी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली, वेग पकडणारे कॅमेरे लावले, रस्ते अरुंद केले. तीसच का? वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या पुस्तकात आहे. न्यूयॉर्कने २००९ साली टाइम्स स्क्वेअरमधून गाड्या काढल्या तेव्हा फर्निचर आलेलं नव्हतं, म्हणून अंगणात टाकतात तसल्या स्वस्तातल्या खुर्च्या आणून रस्त्यात मांडल्या. लोक येऊन बसले. तो भाग पुढे कायमचा पायी माणसांचा झाला. एवढ्या लांब कशाला, पुण्यात २०२१ पासून डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रोडवर गाड्या बंद असतात. नणंद दरवर्षी फोटो पाठवते, जणू तिनेच बंद केला.

पण मला खरं तर बाहेरचं उदाहरण लागतच नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तैलाभिषेकाला ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेसाठी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्यांचा तोल सांभाळत पावलापावलाने चालतात, आणि वाहतूक वळवलेली असते. कुणी म्हणत नाही की शहर बंद पडलं. गेल्या वर्षी सासूबाई त्या दिवशी माझा हातसुद्धा न धरता रस्त्याच्या मधोमध चालत होत्या. मीच कडेकडेने चालत होते, सवयीने.

तर घड्याळाचं. रोज संध्याकाळी मी दहा माणसांचे सेकंद टिपते: म्हातारे, पोटुशा, दप्तरवाली पोरं. वही निम्मी भरली. तीच वही चौकातल्या हवालदाराला दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "माझी आई पण अशीच चालती." गेल्या सोमवारी सकाळी त्याने आमच्यासाठी डावी बाजू हाताने अडवून धरली. सासूबाई निघाल्या. निम्म्यात आल्या असतील तेवढ्यात मागून एकाने हॉर्न दाबला. त्या थांबल्या, काठी टेकून वळल्या आणि त्याला कानडीतून जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकूण ३८ सेकंद. त्यातले सहा शिव्यांचे.