काकूंच्या दोन स्ट्रिपा

गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. पहिला पाऊस झाला की दाराशी छत्र्यांचं तळं साचतं आणि आत खोकल्याचा हंगाम सुरू होतो. जूनमधल्या त्या सकाळी काकू आल्या त्या मात्र भांडायच्या तयारीने. "डॉक्टरीणबाई, तो केमिस्ट मला फसवतोय. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपल्या."

काकूंना निफेडिपिन चालू आहे, दिवसातून दोन. रक्तदाबासाठी ही गोळी हल्ली नव्याने फारसं कुणी लिहून देत नाही, पण त्यांना ती वर्षानुवर्षं मानवली आहे म्हणून मी हात लावलेला नाही. महिन्याच्या साठ गोळ्या, म्हणजे सहा स्ट्रिपा. विसाव्या दिवशी दोन शिल्लक हव्या होत्या. दोनाऐवजी रोज तीन घेत असत्या तर चक्कर आली असती, पाय सुजले असते. प्रेशर १३२/८०, घोटे बारीक. "मी काय शेंगदाणे खाते का?" त्या म्हणाल्या. मी नवी चिठ्ठी दिली आणि विषय डोक्यातून गेला.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. वय चौतीस, बँकेत नोकरी, लहानपणापासूनचा माझा पेशंट. नाव सांगत नाही, बाकीच्याही दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. त्याला मोहिमेसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं.

याचं वेड सगळ्या चाळीला ठाऊक आहे. जुन्या सोव्हिएत संघातली सात हजार मीटरच्या वरची पाच हिमशिखरं सर केली की 'हिमबिबट्या' हा किताब मिळतो. तीन पामीर पर्वतरांगेत, दोन तियान शान रांगेत. सर्वांत उंच इस्मोइल सोमोनी, ७,४९५ मीटर. सर्वांत खडतर म्हणतात ते पोबेडा, ७,४३९. खान तेंग्रीची गोष्ट तो रंगवून सांगतो: नुसता खडक मोजला तर ६,९९५ मीटर, वरच्या बर्फासकट ७,०१०. म्हणजे बर्फाच्या टोपीमुळे ते यादीत बसतं. सुरुवात लेनिन शिखरापासून करतात, ७,१३४ मीटर, कारण ते त्यातल्या त्यात सोपं. या 'सोप्या' डोंगरावर १९९० साली एका हिमप्रपातात ४३ गिर्यारोहक गेले, हेही त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. गेल्या वर्षी तो लेनिनवरून शिखर न गाठता परतला. हवा बिघडली, एवढंच घरी सांगितलं.

ईसीजी छान. ट्रेडमिल टेस्ट छान. ऑक्सिजन ९९. वीस मजली इमारतीचे जिने तो पाठीवर वजन घेऊन चढतो, तेव्हा दम लागायचं कारणच नाही. मी पेन उचललं आणि फॉर्मवर नजर टाकली. 'यापूर्वी उंचीवर त्रास झाला आहे का?' यापुढे त्याने 'नाही' लिहिलं होतं.

का कोण जाणे, तेव्हाच सकाळच्या त्या दोन स्ट्रिपा आठवल्या. निफेडिपिनचा आणखी एक उपयोग आहे. आमच्या गिरगावात तो कधी लागत नाही, एवढंच.

"आईच्या गोळ्या कुठे आहेत?"

तो बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सॅकमध्ये."

हवा बिघडलीच नव्हती. ५,३०० मीटरच्या कॅम्पवर रात्री आडवं होता येईना. खोकला, छातीत घरघर, पहाटे रुमालावर गुलाबी फेस. सोबत्यांनी अंधारातच धरून ४,४०० मीटरच्या कॅम्पवर आणलं. तेवढ्या उतरण्याने छाती मोकळी व्हायला लागली.

फुप्फुसात पाणी भरलं होतं. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पण सगळीकडे सारख्या नाही. जिथे कमी आवळतात तिथे दाब चढतो आणि बारीक केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं. निफेडिपिन तो दाब उतरवतं. ज्याला एकदा हे झालं त्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. जिने चढून कमावलेला दम इथे उपयोगी पडत नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि लवकर अडकतो.

पठ्ठ्याने अभ्यास केला होता. "१९९१ चा प्रयोग आहे, डॉक्टरकाकू. इटलीतली मार्गेरिटा हट, ४,५५९ मीटर. आधी त्रास झालेलेच लोक घेतले होते. खोटी गोळी दिलेल्या अकरांपैकी सातांना झालं, निफेडिपिनवाल्या दहांपैकी फक्त एकाला."

"आणि तो एक तू असलास तर?"

यावर तो गप्प. मला त्याचा राग आला होता, तो चढण्याबद्दल नाही. म्हाताऱ्या आईच्या डब्यातून गोळ्या उचलायच्या आणि माझ्यापुढे कोरा चेहरा करून बसायचं, याचा.

उंचीवरचं वैद्यक हा माझा प्रांत नाही. मी त्याच्यासमोरच एका वर्गमित्राला फोन लावला. तो लष्करात होता, लेहला राहिलेला. त्याने गोळीबद्दल विचारलंच नाही. "वेळापत्रक वाच," म्हणाला.

वाचलं. मुंबई समुद्रसपाटीला. किर्गिझस्तानातलं ओश शहर हजार मीटरच्या आसपास. तिथून गाडीने एका दिवसात ३,६०० मीटरवर. मग ४,४००, मग ५,३००. एकूण चौदा दिवस. पलीकडून शिवी ऐकू आली. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दोन कॅम्पमध्ये अंतर जास्त असेल तर सामान वर टाकून झोपायला खाली यायचं. आधी इकोकार्डिओग्राम करून घ्यायचा. आणि घरघर सुरू झाली की गोळी घेऊन तिथेच थांबायचं नाही, उतरायचं.

मी सही केली नाही. 'नाही' खोडून त्याच्याच हाताने 'होय' लिहून घेतलं. शेऱ्यासाठी एकच ओळ होती, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर गेल्या वर्षीची रात्र त्याच्या तोंडून ऐकली तशी लिहिली. तो म्हणाला, आता मला नेणारच नाहीत. मी म्हटलं, शक्य आहे.

आठवड्याने तो इकोचा रिपोर्ट घेऊन आला. रिपोर्ट नॉर्मल होता. आयोजकांनी नकार दिला नव्हता, पण मागचं पान वाचून बरेच प्रश्न विचारले होते. बँकेने आणखी आठ दिवसांची रजा दिली, बिनपगारी. नवं वेळापत्रक बावीस दिवसांचं. मी ते आधी वर्गमित्राला पाठवलं, मग सही केली. त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याच्या नावाने वेगळी लिहिली.

जाताना त्याने टेबलावर दोन स्ट्रिपा ठेवल्या. "आईच्या डब्यात परत टाकतो. तिला सांगू नका."

मी चष्मा लावून बघितलं. काकूंची गोळी वीस मिलिग्रॅमची. या दहाच्या होत्या.

"हे बदलून आण," म्हटलं, "आणि तिला तूच सांग. ती रोज त्या केमिस्टशी भांडतेय."