घसा राखून रियाज

सोमवार

रियाजाची नवी वही आजपासून सुरू. जुनीत फक्त काय गायले ते लिहायचे: कुठले अलंकार, किती वेळ, कुठल्या पट्टीत. हिच्यात घशाचं काय झालं तेही लिहिणार आहे.

घरी एकटीने शिकणाऱ्याला व्यायामांचा तुटवडा नसतो. फोन उघडला की शिकवणारे रांगेत उभे. पण त्यांच्यातला एकही माझं ऐकत नाही. समोर गुरू बसलेले असले की हनुवटी वर जायला लागली तर नुसत्या खुणेने खाली आणतात, जबडा आवळला की थांबवतात. घरी हे काम करायचं कुणी?

कानावर सोपवावं, तर त्याचीही अडचण आहे. आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो, एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांतून खालची कंपनं जास्त पोचतात, म्हणून आतून ऐकताना आवाज भरदार वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तोच पातळ नि परका. बरं, घसाही लगेच बोलत नाही. स्वरतंतूंना सूज आली तरी ती दुखेलच असं नाही. म्हणजे ‘दुखत नाही ना, मग चालू दे’ हा हिशोब कच्चा.

तेव्हा साक्षीदार दुसरे शोधायला हवेत. हाताला लागणारे, डोळ्यांना दिसणारे.

मंगळवार

पहिला साक्षीदार, स्ट्रॉ.

ग्लासात दोन बोटं पाणी, त्यात स्ट्रॉचं टोक बुडवलेलं. ओठ स्ट्रॉभोवती मिटून ‘ऊ’ लावायचा. नाकातून हवा गळायला नको, गाल सैल हवेत. सूर चालू राहतो आणि पाण्यात बुडबुडे. लेक दारातून म्हणाली, “आई, हे गाणं आहे की गुळण्या?”

हसू दे. पण हे बुडबुडे फार प्रामाणिक आहेत. श्वास एकसारखा सुटत असला की ते एका लयीत येतात. मी खर्जाकडून वरच्या सा कडे सरकत गेले तेव्हा प च्या पुढे बुडबुडे एकदम मोठे आणि घाईचे झाले. सूर बरोबर होता, कानाला काही खटकलं नव्हतं. पण वर जाण्यासाठी मी हवेचा रेटा वाढवला होता, आणि ते पाण्याने दाखवलं. पुन्हा तोच तुकडा घेतला, या वेळी लक्ष सुराकडे न देता बुडबुडे तेवढेच ठेवण्याकडे दिलं. वरचा सा लहान आला, पण आला.

यामागचं शास्त्र समजून घेतलं तेव्हा या व्यायामावर विश्वास बसला. स्वरतंतू म्हणजे जेमतेम एक-दीड सेंटिमीटरच्या दोन घड्या. सूर जुळतोय का ते दाखवणारं ट्यूनर अ‍ॅप ज्यावर बेतलेलं असतं तो ४४० हर्ट्झचा सूर लावला की त्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर आपटतात. मिनिटभर धरला तर २६,४००. ही आपट किती जोराची, यावर घशाचं बरंच काही अवलंबून. तोंड जवळजवळ बंद असलं की आत हवा कोंडते आणि तिचा दाब वरून स्वरतंतूंपर्यंत पोचतो. खालून फुप्फुसांचा दाब असतोच. दोन्हींच्या मध्ये त्या घड्या किंचित विलग राहतात आणि कमी जोराने आपटूनही सहज कंप पावतात. आवाजाचे अमेरिकन अभ्यासक इंगो टिट्झे यांनी स्ट्रॉचा हा व्यायाम जगभर पोचवला. ओठ फुरफुरवत सूर लावणं किंवा तोंड मिटून गुणगुणणं याच कुळातलं.

आणखी एक गंमत. आवाजाच्या अभ्यासात फुप्फुसातला दाब मोजतात तोच मुळी पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब. साधं बोलताना तो ५ ते १० च्या घरात असतो. म्हणजे स्ट्रॉ पाण्यात दोन सेंटिमीटर बुडली की मी नेमका किती विरोध घेतला हे ग्लासाकडे बघूनच कळतं. जास्त खोल बुडवून जोर लावण्यात काही शौर्य नाही.

गुरुवार

‘पोटातून गा.’ हा सल्ला ज्याने कुणी प्रथम दिला त्याला काय म्हणायचं होतं ते आता थोडं उमगतंय, पण शब्दशः घेतला तर तो घोटाळा करतो. हवा पोटात जात नाही. श्वासपटल हा फुप्फुसांखालचा घुमटाकार स्नायू श्वास घेताना आकुंचन पावून खाली येतो, आतडी-बितडी खाली-पुढे सरकतात, म्हणून पोट पुढे येतं. सोडताना तो सैल होत वर जातो. त्यामुळे ‘श्वासपटलाने आवाज बाहेर ढकला’ हे सांगणं उलटं. ढकलायचं काही नसतंच.

उलट, धरून ठेवायचं असतं. आज तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवून ‘स्स्’ सोडत बसले. श्वास घेताना बरगड्या बाजूंना फाकतात, त्या तशाच थोडा वेळ राहू द्यायच्या आणि हळूहळू मिटू द्यायच्या. इथे एक लक्षात आलं. खूप मोठा श्वास घेतला की पहिला सूर हमखास जोरात येतो. छाती ताणलेली असते, ती स्वतःहूनच मिटायला बघते आणि हवेचा दाब आपोआप वाढतो. म्हणजे छोट्या ओळीला छोटाच श्वास पुरे. दीर्घ श्वास घ्या, दीर्घ श्वास घ्या, म्हणून जो तो सांगतो, ते प्रत्येक ओळीला लागू नाही.

दुसरं टोक शेवटाचं. ‘स्स्’ संपत आला की गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा उठतात. तिथे थांबायचं. उरलासुरला श्वास पिळून ओळ पुरी करण्यात मानेचे स्नायू राबतात, आणि ते एकदा मदतीला आले की पुढच्या ओळीलाही न बोलावता हजर होतात.

शुक्रवार

आज थोडंच. दोन्ही कानांत हेडफोन, साथीचा ट्रॅक मोठ्या आवाजात, आणि त्यावर गाणं, हा घरच्या रियाजातला सगळ्यात छुपा धोका आहे असं माझं मत झालंय. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. नुसतं ठरवून टाळणं अवघड, परिस्थितीच बदललेली बरी. मी एक कान मोकळा ठेवला, ट्रॅक निम्म्यावर आणला. तंबोऱ्याचं अ‍ॅपही उगाच घर भरून वाजत असतं, तेही खाली.

रविवार

मान्युएल गार्सियाबद्दल वाचत होते. मूळचे स्पॅनिश, लंडनमध्ये गाणं शिकवणारे. गाताना घशात नेमकं काय होतं हे या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. १८५४ मध्ये त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. डॉक्टर आज घशाची जी तपासणी करतात तिच्या मुळाशी हे गाण्याच्या मास्तरांचं घरगुती कुतूहल आहे. एकशे एक वर्षं जगले, १८०५ ते १९०६.

मी काही घशात आरसा घालणार नाही. पण साधा आरसा समोर ठेवून गायले. डोळे मिटून गायची सवय असणाऱ्यांना हे अवघड जातं, स्वतःचं तोंड बघवत नाही. तरी बघावं. कपाळ, भुवया, हनुवटी. वरच्या ग ला माझी हनुवटी पुढे येते. मोठं काही नाही, बोटभर. आरशाशिवाय मला ते जन्मात कळलं नसतं.

आणि अंगठा. हनुवटीच्या खाली, हाडाच्या मागे जो मऊ भाग असतो तिथे अंगठा हलका टेकवायचा. एक घोट गिळून बघितला की तो भाग टणक होऊन अंगठ्याला खाली ढकलतो. आता गा. ‘आ’ ला माझ्या अंगठ्याला काही लागलं नाही. ‘ई’ घेत वर गेले तर रे पासूनच गिळल्यासारखा टणकपणा. म्हणजे जिभेचं मूळ आवळतंय. जीभ खालच्या ओठावर सैल टाकून तीच ओळ वेड्यासारखी म्हणून पाहिली. शब्द बोबडे, पण अंगठ्याखाली मऊ. मग जीभ आत घेऊन पुन्हा ‘ई’. अर्ध्या ओळीपर्यंत मऊ राहिलं.

बुधवार

पट्टीवरून घरात वाद. “अगं, मूळ गाणं ज्या पट्टीत आहे त्यातच म्हणायला हवं ना?” नाही हो, का म्हणून? ज्याचा गळा त्याची पट्टी. मूळ गायकाचा गळा मूळ गायकापाशी. मी दोन सूर खाली उतरवून गायले आणि ओळीतले शब्द पहिल्यांदा नीट कानावर आले.

उंच सुराला नेमकं काय होतं तेही बोटाने चाचपता येतं. कंठमण्याच्या खाली बोट सरकवलं की एक बारीक खाच लागते, तिच्याखाली कडीसारखी कूर्चा. खालून वर सूर सरकवला की ती खाच अरुंद होत जाते, कारण तिथला एक छोटा स्नायू स्वरतंतूंना ताणून लांब करतो. उंची येते ती या ताणण्याने. जोराने ओरडून आवाज मोठा होतो. उंच जायला ओरडण्याची गरज नाही हे बोटाला पटलं, मनाला अजून वेळ लागेल.

शनिवार

सकाळची चाचणी आता रोजची झाली आहे. एखादी साधी ओळ, वरच्या सुरात, शेजारच्या खोलीत झोपलेल्याची झोप मोडणार नाही इतकी हळू. स्वरतंतू सुजलेले असतील तर मोठ्याने गाताना ते झाकून जातं. हळू गाताना लपत नाही. आवाज निघायच्या आधी क्षणभर नुसती हवा येते, किंवा मध्येच सूर फाटतो.

आज तसंच झालं. सा च्या आधी ‘ह’ ऐकू आला. गंमत म्हणजे काल मी गायलेच नव्हते. संध्याकाळभर गोंगाटात उभी राहून बोलत होते. म्हणजे रियाजाचा हिशोब मांडताना बोलणंही त्याच खात्यात धरायला हवं. हे मला कुठल्याच व्यायामाच्या व्हिडिओत सापडलं नव्हतं.

मग दिवसभर काय केलं? खाकरले नाही. खाकरलं की त्या दोन घड्या जोराने आपटतात, आणि कफ निघतोच असं नाही. त्याऐवजी घोटभर पाणी. पाणी अर्थात स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं, शरीरात मुरून तिथवर ओल पोचायला वेळ लागतो. म्हणून गायच्या तोंडावर घटाघटा पिण्यापेक्षा दिवसभर पीत राहिलेलं बरं. कुजबुजलेही नाही. कुजबुजताना बऱ्याच जणांचा घसा जास्तच आवळला जातो, ती विश्रांती नव्हे.

उद्या सकाळी पुन्हा ती ओळ. ‘ह’ गेला असेल तर फक्त स्ट्रॉ आणि खालचं सप्तक, नसेल तर तेही नाही. आवाज बसलेलाच राहून तीन-चार आठवडे गेले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. गाठी व्हायच्या असल्या तर बहुधा स्वरतंतूंच्या पुढच्या एक-तृतीयांशापाशी होतात, जिथे आपट सगळ्यात जोराची असते, आणि ते बघायला त्यांची दुर्बीणच लागते. माझा अंगठा तिथे पोचत नाही.

‘ई’ चं मात्र कुणा जाणत्यालाच विचारावं लागणार. अंगठ्याखाली मऊ असतानाही तो वरच्या ग वर किरटा का होतो, हे माझ्या साक्षीदारांपैकी कुणालाच सांगता येत नाहीये. दोन्ही तऱ्हांनी रेकॉर्ड करून ठेवलाय.