शेऱ्याचा रकाना

27 मे, रात्रीचे पावणेबारा, हॉस्पिटल

झोप येत नाही आणि डाव्या कुशीवर पडून पडून खांदा बधिर झालाय, म्हणून लिहून राहिली. नवतपा लागून आज तिसरा दिवस, बाहेर रात्रीसुद्धा भट्टी आणि मी इथे एसीत चादर गळ्यापर्यंत ओढून. घरच्या कूलरची सवय ना, हा मुका गारवा झेपत नाही. पोटातलं बाळ 32 आठवडे 2 दिवसांचं. आजकाल कोणी वय विचारलं तरी आधी हाच आकडा तोंडात येतो.

संध्याकाळी साडेसहाला बाबांनी बीपी घेतला तर 152 वर 98. बाबा म्हणजे माझे सासरे, वीज मंडळात मीटर रीडर होते, 31 वर्षं नागपूरभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले, त्यामुळे त्यांच्या भाषेत बीपी "येत" नाही, "रीडिंग" येतं. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा घेतलं, 150 आणि 100. बाबा काही बोलले नाहीत, वही बंद केली, चष्मा खिशात टाकला आणि यांना म्हणाले, "गाडी काढ." डॉक्टर मॅडमना फोन लावला तर त्यांनी तेच सांगितलं, फाइल घ्या आणि निघा, सकाळची वाट नका पाहू. मानेवाड्यावरून धंतोलीचं हॉस्पिटल म्हणजे फार नाही, पण मेडिकल चौकातला सिग्नल आज काही केल्या सुटेना आणि मी काय करत होती तर बाळाची हालचाल मोजत होती. तीन झाल्या तिथेच. बरं वाटलं.

नवऱ्याने रस्ताभरात "टेन्शन नको घेऊ" किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. हे वाक्य बीपीच्या पेशंटसमोर बंदच केलं पाहिजे. एक तर मी टेन्शन घ्यायला कुठे जात नाही, ते घरपोच येतं.

मागच्या वेळेस मी दुसरीकडे दाखवायची. दोन वर्षं झाली. सातव्या महिन्यात तिथे 140/90 आला तर म्हणाले, उन्हातून आलात, पाणी प्या, होतं असं. लघवी तपासली नाही, पुन्हा मोजलंही नाही. चपलेत पाय जाईना तर घरीदारी सगळे म्हणाले पहिलटकरणीला सूज येतेच. मग एका रात्री उजव्या बरगडीखाली असं काही दुखायला लागलं की बसवेना, आणि मी काय केलं, ॲसिडिटीचं ते गुलाबी औषध दोन झाकणं घेतलं आणि झोपली. ते पोटाचं दुखणं नव्हतं, लिव्हरवर ताण आला होता, हे मला नंतर कळलं, कळून उपयोग नव्हता तेव्हा. 28 आठवडे. एवढंच लिहिते.

म्हणून या वेळी पहिल्याच भेटीत मॅडमनी फाइलवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलं, हाय रिस्क. मला ते पाहून रडू आलं आणि नंतर हळूहळू त्याचाच आधार वाटायला लागला, कारण ते दोन शब्द बघितले की कोणी "होतं असं" म्हणत नाही. 12 व्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी, 150 ची. मावशीचा लगेच फोन, अगं ती तर हार्टवाल्यांची रक्त पातळ करायची गोळी, काऊन घेऊन राहिली? मॅडमनी नीट समजावलं होतं की बाळाला पोसणाऱ्या वारेकडे रक्त नीट जावं, बीपीचा तो प्रकार पुन्हा होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून, पण मावशीला हे फोनवर सांगता सांगता माझाच बीपी वाढला. सोबत कॅल्शियम, आणि 24 व्या आठवड्यापासून बीपीची गोळी, लॅबेटालॉल, दिवसातून तीनदा. दर पंधरा दिवसांनी डॉपलर, म्हणजे बाळाकडे रक्त नीट जातं का ते बघायची सोनोग्राफी, दर वेळी सोनोग्राफीआधी तोच फॉर्म आणि तीच सही, आता माझी सही बँकेतल्यापेक्षा तिथे जास्त जुळते.

मिठावरून घरात जे झालं ते वेगळंच. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्या दिवसापासून माझं वरण अळणी केलं, वेगळ्या वाटीत, प्रेमाने, आणि मी ते दीड महिना गिळलं. शेवटी मॅडमनाच विचारलं तर त्या हसायला लागल्या, म्हणाल्या मीठ तोडून हा बीपी थांबत नाही, नेहमीसारखं खा, फक्त लोणच्या-पापडावर हात आखडता. दिवसभर गादीला खिळायचीही गरज नाही म्हणाल्या. त्या रात्री मी वरणभात असा खाल्ला बाप्पा की आई बघतच राहिल्या.

पण खरा किस्सा वहीचा.

घरी मोजायचं मशीन आणलं तेव्हा मॅडमच्या नर्सताईंनी बाबांना शिकवलं, पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी नाही, एकावर एक पाय नाही, पट्टा बाहीवरून नाही, हात छातीच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. माझा दंड जाड आहे, तर साधा पट्टा उगाच आकडा वाढवून दाखवतो, मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. बाबांनी हे सगळं जसंच्या तसं पाळलं. मी मधेच काही बोलली की बोट वर करायचे, "रीडिंग चालू आहे बेटा." वहीला पट्टीने रकाने आखले, तारीख, वेळ, हात, वरचं, खालचं, ठोके, आणि शेवटी शेरा. मीटर रीडरला शेऱ्याशिवाय जमत नाही म्हणे.

मॅडम कौतुक करतात ते या शेऱ्याच्या रकान्याचं. "लाईट गेलेली, 40 मि." "जिना चढून आली." "मावशीचा फोन." "गोळी 20 मि. उशिरा." मॅडमनी गेल्या महिन्यात त्यावरूनच पकडलं की मावशी-बिवशी काही नाही, शेरा कोरा असतानाही संध्याकाळचा आकडा चढून राहिला, आणि दुपारची गोळी वाढवली. एक-दोन दुपारी आकड्यांच्या जागी नुसतं "घर बंद" लिहिलंय. म्हणजे मी झोपली होती.

आमच्याकडे भांड्याला येतात त्या ताईंची सून पण दिवसात आहे, ती डागाला, सरकारी बायकांच्या दवाखान्यात, दाखवते. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं होतं पोरीचं. 9 तारखेला सरकारी तपासणी असते तेव्हा लक्षात आलं, तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागलं आणि सलाईनमधून लोह द्यायला लागले. ताई घाबरून मला विचारत होत्या लाल म्हणजे वाईट का. मी म्हटलं नाही ताई, लाल म्हणजे आता सगळे तिच्याकडे नीट बघतील. बोलून झाल्यावर वाटलं, हे मी कधीपासून असं म्हणायला लागली?

तर आज. आल्या आल्या रक्त, लघवी, एनएसटीचा पट्टा पोटावर. त्या मशीनमधून बाळाचे ठोके घोडा पळाल्यासारखे टगडक टगडक, मी त्यावरच कान लावून. प्लेटलेट 1 लाख 80 हजार, लिव्हर-किडनी ठीक, लघवीत प्रोटीन मात्र आलंय. बीपीच्या गोळीचा डोस दुप्पट. बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन सुरू केलं, दर बारा तासांनी एक, अशी चार. लवकर काढायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून. शक्य तितकं पुढे ढकलू, मॅडम म्हणाल्या, रोज बघू, आणि खोटं नाही बोलल्या की सगळं ठीक आहे. अर्ध्या तासाने बाळांचे डॉक्टर येऊन 32 आठवड्यांचं बाळ कसं असतं, काचेच्या पेटीत काय काय करतात, मला कधी छातीशी धरता येईल, सगळं सांगून गेले. मागच्या वेळी मला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मॅडम गेल्यावर वही माझ्याजवळच राहिली. उगाच मागे चाळत होती. 11 एप्रिल. सकाळ 138/88, आणि संध्याकाळ, 146/94, त्यावर बारीक आडवी रेघ मारलेली. शेरा बाबांच्या त्या टोकदार अक्षरात, "आज 11 तारीख आहे. हे रीडिंग धरू नये."

11 एप्रिल ही तारीख आम्ही दोघं सोडून कोणाच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. घरात कोणी कधी उच्चारली नाही.

28 मे, सकाळी साडेसहा

रात्री तीनला 144/92, आत्ता 138/88. डोकं दुखत नाही, डोळ्यासमोर काही चमकत नाही. दुसरं इंजेक्शन सकाळी होईल. बाळ पहाटेपासून लाथा झाडून राहिलंय.

बाबांना फोन केला, 138/88 सांगितलं. पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला, वही इथे माझ्याकडे आहे तरी कुठल्या तरी कागदावर लिहून घेत असावेत.

"वेळ सांग," म्हणाले. "आणि हात कोणता?"