बस फेरीवर आहे

गेल्या जुलैत वडाळ्याला एका चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस केला. त्यानंतर त्याच्या आईचं आणि माझं जे बोलणं झालं, ते अजून डोक्यातून जात नाही. भांडण नव्हतं, आवाज कुणाचाच चढला नाही. पण तिचं म्हणणं मला खोडता येत नाही आणि माझं मला सोडवत नाही.

मी लहान मुलांच्या घरगुती थीम पार्ट्या करते. भाड्याचा बॅकड्रॉप आणून भिंतीला टेकवणं हे माझं काम नाही. पुठ्ठा, कागद, कापड आणायचं आणि घरातल्या माणसांना हाताशी घेऊन सगळं बनवायचं. लोकांना वाटतं, सजावटीत वेळ जातो. खरा वेळ जातो तो पहिल्या भेटीत, जमिनीवर बसून मूल काय खेळतं ते बघण्यात. आईवडील सांगतात ती थीम बहुतेक वेळा त्यांनी मोबाइलवर पाहिलेली असते. या घरात जंगल सफारी ठरली होती, आणि छोटू (खरं नाव लिहीत नाही) सोफ्यामागे उभा राहून उशांना तिकिटं देत होता. "पुढे चला, पुढे चला, सुट्टे द्या."

आजोबा बेस्टमधून, म्हणजे मुंबईच्या बससेवेतून, कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बरीच वर्षं ३३२ नंबरच्या बसवर, कुर्ला ते अंधेरी, डबल डेकर. जुनी डबल डेकर रस्त्यावरून कायमची गेली १५ सप्टेंबर २०२३ ला, तेव्हा छोटू दोन वर्षांचा. म्हणजे त्याला माहीत होती ती सगळी आजोबांच्या तोंडून ऐकलेली बस. वडिलांचं म्हणणं पडलं, जंगलाऐवजी बस करायचीच तर नवी विजेवरची, एसी करा, फोटोत चकचकीत दिसेल. आजोबा म्हणाले, "ताई, तिची दारं आपोआप बंद होतात. कंडक्टर उभा कुठं राहणार?" मागचं उघडं दार, तिथली दांडी आणि दांडीला धरून उभा असलेला कंडक्टर, हे नसेल तर छोटूच्या लेखी ती बसच नव्हती. जुनी ठरली.

पावसाळ्यात पुठ्ठ्याचं काम करणं म्हणजे हवेशी झुंज. पुठ्ठा दमट हवेतलं पाणी पितो आणि संध्याकाळपर्यंत मान टाकतो. म्हणून फ्रिजची पाच थरांची खोकी आणली, आतल्या नागमोडी थराच्या नाळ्या उभ्या येतील अशी कापली. नाळ्या आडव्या ठेवल्या की पुठ्ठा स्वतःच्या वजनानंच दुमडतो, आणि घाईत काम करणारे नेमकं तेच करतात. सांगाडा नळकामाच्या पाइपांचा, कोपऱ्यांना एल्बो आणि टी हे जोड. पोस्टर कलर टाळला, कारण पाण्याच्या रंगानं पुठ्ठा फुगतो. त्याऐवजी लाल घोटीव कागद चिकटवला. मैद्याची खळ जुलैत चालत नाही, दोन दिवसांत बुरशी आणि मागोमाग झुरळं. पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल, रुंद ब्रशनं, वरून कोरडं फडकं फिरवत. थर्माकोल नाही. सजावटीचा थर्माकोल जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्याही बंद आहेत, तरी दुकानात मागितलं की काउंटरखालून निघतं. याचा मला संताप येतो. फुगे तर मी या वयाला लावतच नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मूल तोंडात घालतं आणि तो घशात बसला तर काढायला वेळ मिळत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांत हायड्रोजन असतो आणि लोक ते खुशाल केकवरच्या मेणबत्तीशेजारी बांधतात.

वरचा मजला कसा करायचा हा खरा प्रश्न होता. चार वर्षांची मुलं पुठ्ठ्यावर चढवता येत नाहीत. मग आमंत्रणातच लिहिलं, येताना घरचं एक बाहुलं किंवा अस्वल आणा, त्याला वरच्या मजल्यावर खिडकीची जागा मिळेल. मुलं खाली, बाहुल्या वर. ही युक्ती मला स्वतःलाच फार आवडली.

तिकिटं आजोबांनी केली. पतंगाच्या कागदाच्या गड्ड्या, प्रत्येक भाड्याला वेगळा रंग, डाव्या हातात धरायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पाटीवर ३३२ देवनागरी आकड्यांत त्यांनीच रंगवलं, कारण माझ्या दोनाचं वळण त्यांना बेस्टचं वाटेना. सायकलची घंटी मी आणली होती ती त्यांनी परत केली आणि भुलेश्वरहून पितळी घंटा आणली, तिला सुतळी बांधून बसभर नेली. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. छोटूला हे आधीच पाठ होतं.

आमंत्रणात वेळ पाचची लिहिली होती. या वयाची पार्टी पाच ते सात, त्यापुढे मुलं राहत नाहीत, नुसती थकून किरकिरी होतात. पण पाहुण्यांपैकी निम्मे सातला उगवले. लोकल, पाऊस, ऑफिस, सगळं मान्य. पण मूल आजीबरोबर आधी पाठवता येतं, ते कुणी करत नाही. त्यात आत्यानं परस्पर एक माईकवाला होस्ट ठरवला होता. त्यानं स्पीकर लावून पहिली आरोळी ठोकली तशी छोटूनं दोन्ही कान दाबले आणि बसच्या मागच्या दारात जाऊन बसला. मी स्पीकर बंद करायला लावला. आत्या माझ्याशी पुढे बोलल्या नाहीत. या बाबतीत मला जराही शंका नाही, इतक्या लहान मुलांना माईक लागत नाही.

आणि मग बस सुटली. आजोबांनी दोन टोले दिले. "कुर्ला डेपो... कमानी... साकीनाका, साकीनाका उतरा." मुलं पाटांवर दाटीवाटीनं बसली, उतरली, धावत मागून पुन्हा चढली, पुन्हा तिकिटं. एका मुलीनं वर बसवलेल्या सशाचंही तिकीट काढलं आणि छोटूनं गंभीरपणे अर्धं फाडून दिलं. ड्रायव्हर कुणीही होत होतं, चाळणीच्या कड्याचं स्टिअरिंग हातोहात फिरत होतं. कंडक्टर मात्र तो एकटाच, कुणाला पुढे सरक म्हणणारा, कुणाला दांडी धर म्हणणारा. पहिल्या भेटीत माझ्याशी एक शब्दही न बोललेलं हे मूल.

त्याची आई एका दवाखान्यात शिफ्टला असते. ती ड्यूटी संपवून साडेसहाला पोहोचली, तिथेच मागच्या खोलीत लाल साडी नेसून आली. बसच्या रंगाची साडी तिनं मुद्दाम घेतली होती. तिला हवा होता एकच फोटो, बस मागे, केक पुढे, तिघं मध्ये.

छोटू म्हणाला, "बस फेरीवर आहे."

फोटोवाला म्हणाला, बस रिकामी करा. दोन काका मुलांना बगलेत धरून बाहेर काढायला लागले, तशी आत रडारड सुरू झाली. मी मध्ये पडले. म्हटलं, ही फेरी संपू द्या, अंधेरीला सगळे आपणहून उतरतील. आजोबांनीही मान हलवली. पण अंधेरी आलं, आणि तिथून बस कुर्ल्याला परत निघाली. तोपर्यंत बाहेरून ओल्या छत्र्या घेऊन उशिराची मंडळी आत येत होती, खोलीतली हवा जड झाली होती, वरच्या मजल्यावर बाहुल्यांचं वजन होतं. पावणेआठला पुढचा दर्शनी भाग पाइपावरून सुटला आणि हळूच मुलांच्या पायाशी येऊन बसला, पाटीसकट. कुणाला लागलं नाही. मुलांना तर वाटलं, बस बंद पडली. सगळी मिळून मागून ढकलायला लागली. आई केकचं ताट हातात घेऊन उभी होती.

केक कापला तो उरलेल्या सांगाड्याशेजारी, छोटूच्या गळ्यात डबा तसाच. फोटोत त्याचा अर्धा चेहरा डब्याआड आहे आणि बस कुठेच नाही.

सामान आवरताना ती माझ्याजवळ आली. बाकीचे पैसे मोजून दिले, वर आभारही मानले. मग म्हणाली, संगमेश्वरला तिची आई खाटेवर आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून. दीड वर्ष नातवाला पाहिलेलं नाही. तिकडे व्हिडिओ कॉलला रेंज धड लागत नाही, म्हणून फोटो मोठा करून, फ्रेम करून पाठवायचा होता. मी मनापासून सांगितलं, की त्या क्षणी त्याला बाहेर काढलं असतं तर फोटोत रडणारं मूल आलं असतं. असे फोटो मी ढिगानं पाहिले आहेत, आणि त्यातलं हसू उसनं असतं.

"रडका चालला असता हो ताई," ती म्हणाली. "माझ्या आईला तो रडतानासुद्धा बघायला मिळत नाही."

ती फ्रेम आजीसाठी हवी होती, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे स्वतःला बऱ्याचदा विचारून पाहिलं. मुलं यायच्या आधी फोटो काढता आला नसता, ती तेव्हा ड्यूटीवर होती. फेरी थांबवणं एवढाच मार्ग उरत होता. त्या काकांच्या बगलेतली दोन मुलं आणि दारातली दांडी घट्ट धरून बसलेला छोटू डोळ्यांसमोर आणते, आणि थांबवा असं म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. मग संगमेश्वरची ती बाई आठवते.